तीन तारांवर साठ वर्षे

सावंतवाडीहून भजन गाणाऱ्या एका तरुणाने तीन प्रश्न विचारले आहेत. अमेरिकेतील नातेवाइकांनी त्याला 'डल्सिमर' नावाचे तीन तारांचे वाद्य भेट दिले आहे. हे तिकडचे संतूर आहे का, असे एखादे साधे वाद्य घेऊन कोणा लोककलावंताने आयुष्यभराची कारकीर्द केली आहे का, आणि त्याच्या पट्टीवर बऱ्याच स्वरांचे पडदेच (तार जिथे दाबून स्वर काढतात त्या आडव्या धातूच्या कांड्या) नसल्यामुळे ते एखाद्या कारागिराकडून बसवून घ्यावेत का, असे ते प्रश्न आहेत. मी मिरजेत सतार शिकलो आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत आल्यानंतर गेली सव्वीस वर्षे हेच वाद्य वाजवतो आणि शिकवतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात आहे, असे माझे मत असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, पण गोंधळ होणे स्वाभाविक आहे. डल्सिमर या एकाच नावाची दोन अगदी वेगळी वाद्ये आहेत. त्यांपैकी एक चौकटीवर पुष्कळ तारा ताणून लहान काठ्यांनी वाजवतात. इराणचे आणि काश्मीरचे संतूर, हंगेरीचे सिम्बालोम आणि चीनचे यांगचिन ही त्याची भावंडे होत. तुमच्याकडे आलेले वाद्य या कुळातले नाही. ते अमेरिकेच्या पूर्व भागातील अ‍ॅपलेशियन पर्वतराजीतले, म्हणजे केंटकी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना या भागांतल्या डोंगरी वस्त्यांतले वाद्य आहे. जर्मन वसाहतकऱ्यांनी सोबत आणलेल्या 'शाइटहोल्ट' नावाच्या लांबट पेटीसारख्या वाद्याशी त्याचे नाते जुळते. डोंगरात आल्यावर त्या पेटीचा आकार बदलला आणि केंटकीत त्याला कमरेशी निमुळते होणारे, डमरूसारखे रूप मिळाले. ते मांडीवर आडवे ठेवतात. डाव्या हातात बोटभर लांबीची लाकडाची किंवा बांबूची कांडी धरून ती फक्त जवळच्या तारेवर सरकवतात आणि उजव्या हातातल्या हंसाच्या किंवा टर्कीच्या पिसाच्या दांड्याने तिन्ही तारा एकदम छेडतात. एका तारेवर चाल उमटते आणि उरलेल्या दोन तारा षड्ज-पंचमाचा अखंड भरणा करत राहतात. ज्याने तंबोऱ्यासमोर बसून गळा लावला आहे त्याला या रचनेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

आता कारकिर्दीविषयी. या वाद्यासोबत साठ वर्षांहून अधिक काळ जगलेल्या आणि ते डोंगराबाहेर सर्वांच्या ओळखीचे करणाऱ्या कलावंताचे नाव जीन रिची. त्यांचा जन्म ८ डिसेंबर १९२२ रोजी केंटकीच्या पेरी काउंटीतील व्हायपर या लहानशा गावी झाला. बालिस आणि अ‍ॅबिगेल रिची यांच्या चौदा मुलांत त्या सर्वांत धाकट्या होत्या. हे घर गाण्याचे म्हणून आधीपासूनच नावाजलेले होते. इंग्लंडचे लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प १९१७ मध्ये या डोंगरात हिंडत असताना त्यांनी जीन यांच्या थोरल्या बहिणींकडून गाणी लिहून घेतली होती, आणि तेव्हा जीन जन्मल्याही नव्हत्या. गाणे कोणी शिकवत नसे. मक्याच्या शेतात खुरपताना, भांडी घासताना, रात्री ओसरीवर सगळे एकत्र बसल्यावर ते आपोआप कानांवर पडे, जसे आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या मुलींच्या कानांवर पडत. या घराण्याच्या चर्चमध्ये, म्हणजे 'ओल्ड रेग्युलर बाप्टिस्ट' पंथाच्या सभेत, कोणतेही वाद्य चालत नसे. एकाने ओळ द्यायची आणि सर्वांनी ती लांबवून म्हणायची, अशी तिथली पद्धत होती, आणि ती आजही आहे. ती प्रथम ऐकली तेव्हा भजनात बुवांनी ओळ सोडावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी याची मला आठवण झाली, मात्र तिथे टाळ नाहीत, मृदंग नाही आणि लयही जवळजवळ मोकळी आहे.

घरात डल्सिमर होते, पण ते वडिलांचे होते आणि मुलांनी त्याला हात लावायचा नाही असा दंडक होता. जीन यांनी चार-पाच वर्षांच्या वयात तो चोरून मोडला आणि एक बालगीत स्वतःच तारेवर शोधून काढले. ज्या वाद्याला पडदे मोजकेच आहेत त्यावर चार वर्षांचे मूलही चाल शोधू शकते. सतारीवर किंवा फिडलवर हे घडले नसते.

या पडद्यांविषयी इथेच सांगतो, कारण तुम्हाला त्यांची उणीव भासते आहे. या वाद्यावर सप्तकाचे बारा पडदे नसतात, सात असतात, आणि ते समान अंतरावर नसतात. मोकळ्या तारेला षड्ज मानले तर पुढचे पडदे खमाज थाटाचे, म्हणजे सात स्वरांच्या त्या ठरलेल्या संचाचे, स्वर देतात. तिसऱ्या पडद्याला षड्ज मानले की त्याच पडद्यांतून बिलावल निघतो, चौथ्याला मानले की काफी आणि पहिल्याला मानले की आसावरी. आपण ज्याला मूर्च्छना म्हणतो तीच ही गोष्ट आहे. भरण्याच्या दोन तारा मात्र आपला षड्ज आणि पंचम सोडत नाहीत, त्यामुळे थाट बदलायचा असेल तेव्हा फक्त चालीची तार हलवावी लागते. बिलावलासाठी ती मधल्या तारेबरोबर पंचमात मिळवावी, काफीसाठी एक स्वर उतरवून मध्यमात आणावी, आसावरीसाठी पंचमावरून चढवून कोमल निषादात न्यावी आणि खमाजासाठी थेट वरच्या षड्जात. जुने वादक एका थाटातली चार-पाच गाणी ओळीने म्हणत, मग खुंटी पिळत आणि पुढच्या थाटाकडे वळत.

जीन रिची यांचे शिक्षण संगीतात झालेले नाही. केंटकी विद्यापीठातून १९४६ मध्ये त्यांनी समाजकार्याची पदवी घेतली आणि त्या न्यू यॉर्कला गेल्या. शहराच्या दाट, स्थलांतरितांनी भरलेल्या पूर्व भागातील 'हेन्री स्ट्रीट सेटलमेंट' या सेवाभावी संस्थेत त्यांना काम मिळाले आणि तिथल्या मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी घरची गाणी आणि घरचे खेळ शिकवायला सुरुवात केली. त्यांची सार्वजनिक कारकीर्द इथून सुरू झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढे मोठ्या मंचांवर गेल्यावरही त्यांची मांडणी समोरच्या मुलाला गाणे कळले पाहिजे अशीच राहिली. लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली, रेडिओवरच्या लोकगीतांच्या कार्यक्रमांत त्या गाऊ लागल्या आणि नव्यानेच निघालेल्या इलेक्ट्रा कंपनीने १९५२ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तोपर्यंत शहरातल्या श्रोत्यांना हे वाद्य जवळजवळ अपरिचित होते. त्या काळात लोकसंगीत म्हटले की गिटार आणि बँजो डोळ्यांसमोर येत. या दोन्ही वाद्यांपुढे डल्सिमरचा आवाज इतका कोमल असतो की ते मोठ्या दालनात ध्वनिक्षेपकाशिवाय मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. असे असूनही ते टिकले, याचे कारण त्यांनी त्याला स्पर्धेत उतरवलेच नाही.

तुमच्या उपयोगाचे सर्वांत जास्त याच बाबतीत आहे. त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना असे लक्षात येते की लांबलचक कथागीते त्या पुष्कळदा कोणत्याही साथीशिवाय, निव्वळ उंच आणि सरळ गळ्याने गात. वाद्य असेल तिथेही ते शब्दांच्या पुढे धावत नाही. मी सतारीकडून आलो असल्यामुळे मला हे उमगायला फार वर्षे लागली. एकदा पूर्व केंटकीत एका घरगुती बैठकीत एक वृद्ध बाई जुने कथागीत म्हणत होत्या आणि मी मोठ्या उत्साहाने सतारीवरच्या द्रुत 'झाल्या'च्या अंगाने सतत छेड देत साथ करत होतो. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी थांबून माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवला आणि मुलगी आता नदीकाठी पोचली आहे, तिथे पाण्याशिवाय काही ऐकू येत नाही, असे समजावले. पुढची चौदा कडवी मी फक्त ओळीच्या शेवटी एकेक छेड दिली. त्या रात्रीपासून मी विद्यार्थ्यांना पहिले सहा महिने गाण्याशिवाय वाजवू देत नाही. जो गात नाही त्याने निदान शब्द मनात म्हणावेत.

१९५० मध्ये जीन यांचा छायाचित्रकार जॉर्ज पिको यांच्याशी विवाह झाला आणि १९५२ मध्ये त्यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली. घरी गायली जाणारी गाणी ज्या भूमीतून आली त्या ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जाऊन त्यांची मुळे शोधावीत, हा तिचा हेतू होता. पती-पत्नींनी ध्वनिमुद्रण यंत्र आणि कॅमेरा घेऊन गावे पालथी घातली. आयर्लंडमधील एलिझाबेथ क्रोनिन, सारा मेकम, शेमस एनिस अशा गायक-वादकांची त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे आज गॉलवे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. आपल्या घरातल्या गाण्याचे दुसरे रूप समुद्रापलीकडच्या म्हातारीच्या तोंडून ऐकणे म्हणजे काय, याची कल्पना मला थोडीफार आहे, कारण तंजावरच्या मराठी कुटुंबातील एका आजींकडून मी माझ्या आजीचे पाळणागीत वेगळ्या चालीत ऐकले आहे. जीन यांनी मात्र त्या अनुभवाला शिस्त लावली. कोणते कडवे इकडे गळाले, कोणता शब्द डोंगरात आल्यावर बदलला, याच्या त्यांनी नोंदी ठेवल्या. १९५५ मध्ये त्यांनी आपल्या कुटुंबाच्या आठवणी आणि गाणी एकत्र गुंफून पुस्तक लिहिले, पुढे डल्सिमर शिकवणारे पुस्तकही लिहिले, आणि ज्यांना शिक्षक मिळणे शक्य नव्हते अशा असंख्य लोकांनी त्या पुस्तकावरून वाद्य उचलले.

पण पुस्तक वाचून वाद्य हवेसे वाटले तरी ते मिळणार कुठे? त्या वेळी डल्सिमर बनवणारे कारागीर डोंगरात मोजकेच होते. केंटकीच्या नॉट काउंटीत एड टॉमस नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ही वाद्ये बनवून विकली होती, आणि त्यांच्या घडणीवरून हिंडमन येथील शाळेत सुतारकाम शिकवणारे जेथ्रो अ‍ॅम्बर्गी वाद्ये करत. अ‍ॅम्बर्गी जीन यांचे नातलग होते. सुरुवातीला त्यांच्याकडून अर्धवट घडवलेली वाद्ये न्यू यॉर्कला येत, जॉर्ज त्यांना रोगण लावून पूर्ण करत आणि जीन ती सुरात मिळवून देत. अशी सुमारे तीनशे वाद्ये विकली गेली. मागणी वाढली तेव्हा ब्रुकलिनमधल्या विल्यम्सबर्ग पुलाखाली त्यांनी स्वतःचा कारखाना काढला आणि जॉर्ज यांच्या काकांनी तिथले काम सांभाळले. जीन रिचींवर लिहिताना लोक या कारखान्याचा उल्लेख एका ओळीत उरकतात, हे मला पटत नाही. मिरजेत मी जिथे शिकलो तिथल्या गल्लीत सतारमेकरांची घरे नसती, भोपळे वाळत पडलेले नसते, जवारी काढून देणारा, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवणारा, हात शेजारी नसता, तर तिथे इतके गवई आणि वादक थांबले असते का? एखाद्या वाद्याचा प्रसार होतो तेव्हा मैफलींइतकाच वाटा सुताराच्या पटाशीचा असतो, आणि त्यांनी ती पटाशी आपल्या संसारात आणली.

अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे १९५९ मध्ये झालेल्या पहिल्या लोकसंगीत महोत्सवात त्या गायल्या आणि पुढे त्याच्या संचालक मंडळातही होत्या. १९६० च्या दशकात तरुण गायकांनी हे वाद्य उचलले, रॉक संगीतात ते ऐकू येऊ लागले आणि वादनाच्या नव्या पद्धती निघाल्या. कांडी बाजूला ठेवून सर्व तारांवर बोटे टाकून स्वरसमूह वाजवणारे आजचे वादक तंत्राच्या दृष्टीने जीन यांच्या कितीतरी पुढे आहेत, यात शंका नाही. मला त्यांचे वादन आवडते. तरीही त्यांच्यापैकी फार थोड्यांचे वादन ऐकताना मला गाण्याचे शब्द आठवतात.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धारदार भाग कोळशाशी संबंधित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या खोऱ्यात रेल्वे आली, तिच्यामागोमाग खाणी आल्या, आणि जमिनीखालच्या खनिजाचे हक्क कंपन्यांच्या दलालांनी अल्प मोबदल्यात लिहून घेतले. त्या जुन्या दस्तऐवजांच्या आधारे पुढे डोंगराचा माथाच खरवडून कोळसा काढण्यात येऊ लागला, तेव्हा वर राहणाऱ्या शेतकऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकारच उरला नव्हता. केंटकीच्या राज्यघटनेत याविरुद्ध दुरुस्ती व्हायला १९८८ साल उजाडावे लागले. जीन यांनी त्याच्या कितीतरी आधी, काळ्या पडलेल्या पाण्याबद्दल आणि गाडी थांबेनाशी झालेल्या खाणगावाबद्दल गाणी लिहिली. त्यांपैकी काही त्यांनी 'थान हॉल' या पुरुषी टोपणनावाने प्रसिद्ध केली. राजकारणापासून दूर असलेल्या आईला त्रास होऊ नये हे त्याचे एक कारण होते; दुसरे असे की, पुरुषाच्या नावावर ती अधिक गांभीर्याने ऐकली जातील असे त्यांना वाटत होते. खाणगावाचे ते गाणे पुढे जॉनी कॅश यांनीही गायले. या गाण्यांच्या चाली पूर्वापार चालींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. तेच मोजके स्वर आणि तोच भरणा त्यांत आहे. जुन्या साच्यात नवा मजकूर इतका नेमका बसला, कारण तो साचा त्यांच्या हाडात होता.

गाण्यांच्या मालकीबद्दल त्यांच्यावर कधी कधी टीका होते. घराण्यात गायल्या जाणाऱ्या रूपांची त्यांनी आपल्या नावे नोंदणी केली होती. बॉब डिलन यांच्या १९६३ च्या एका युद्धविरोधी गाण्यासाठी रिची घराण्यातल्या गीताची चाल वापरली गेली, आणि त्या प्रकरणात वकिलांमार्फत तडजोड झाली. लोकगीत सर्वांचे असते, मग नोंदणी कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे आहे की, सर्वांचे असलेले गीत बाजारात गेल्यावर कोणातरी एकाचे होतेच. मग ज्या घराने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले त्याचे नाव तरी त्यावर राहावे. आपल्याकडे कितीतरी ओव्या आणि लावण्यांच्या चाली कोणाकडून घेतल्या हे कुठेही लिहिलेले नाही, आणि त्याची खंत मला वाटते.

२००२ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीची 'नॅशनल हेरिटेज फेलोशिप' मिळाली. लोककला आणि पारंपरिक कलांसाठीचा तो तिथला सर्वोच्च सन्मान आहे. २००९ मध्ये पक्षाघाताने त्यांचे बोलणे बाधित झाले. त्यानंतर त्या केंटकीतच, बेरिया गावी, राहायला आल्या आणि १ जून २०१५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले.

आता पडद्यांविषयी. ते बसवून घेऊ नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे, आणि मी तो स्वतः चूक करून देतो आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी माझ्या एका वाद्यावर बाराही पडदे बसवून घेतले होते. कांडी तारेवर सरकते तेव्हा वाटेतला प्रत्येक पडदा बोलतो. सात पडदे असतील तर त्या घसरणीतही थाटाचेच स्वर ऐकू येतात. बारा असतील तर शुद्ध गंधाराकडे जाताना कोमल गंधारही ओरडतो. शिवाय वरच्या सप्तकात पडदे इतके जवळ येतात की कांडी नेमकी टेकत नाही. पडदे काढून टाकले तरी खाचा राहतात, आणि ते वाद्य मी आजही वाजवत नाही. सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा आता पुष्कळ वाद्यांवर असतो. त्यामुळे खमाजाच्या मेळात शुद्ध निषादही मिळतो. तो तुमच्या वाद्यावर आधीच असेल तर राहू द्या, नसेल तर त्यावाचून अडत नाही.

तुमच्या भजनांपैकी भूपाच्या, दुर्गाच्या किंवा खमाजाच्या अंगाच्या चाली या वाद्यावर जशाच्या तशा वाजतील, कारण डोंगरातल्या कित्येक जुन्या चालीही पाच स्वरांच्याच आहेत. भैरवातली किंवा तोडीतली रचना मात्र त्यावर आणण्याचा हट्ट धरू नये; ती पेटीवर म्हणावी. तार तुटली तर परदेशाकडे डोळे लावून बसू नका. सतारीची तीन नंबरची पोलादी बाजाची तार चालीच्या तारेच्या जागी उत्तम चालते, फक्त तिच्या टोकाला आधी पिळून फासा करून घ्यावा. कोकणातल्या पावसात पातळ तबली (वाद्याची वरची फळी) फुगते आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) वर उचलली जाते, म्हणून जून ते सप्टेंबर वाद्य पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे आणि वाजवून झाल्यावर तारा एखादा स्वर उतरवून ठेवाव्यात. सुरुवात तिसऱ्या पडद्यावर षड्ज धरून करा आणि रोज म्हणता तोच एखादा अभंग घ्या. पहिल्या चरणाला वाद्य गप्प ठेवा, चरण संपल्यावर तिन्ही तारांवरून एकदा पीस फिरवा आणि तो भरणा पूर्ण विरेपर्यंत दुसरा चरण उचलू नका.